हवाई मार्गहक्क व कोडशेअर : शासकीय वाटप (विशेष संदर्भ : नांदेड व लातूर)

हवाई मार्गहक्क : एका देशाच्या विमान कंपनीला दुसऱ्या देशात प्रवासी व माल नेण्या-आणण्यासाठी मिळणारा अधिकार. कंपनीला तो बाजारात विकत घेता येत नाही. दोन सरकारे आपसांत करार करून तो एकमेकांना देतात आणि प्रत्येक सरकार आपल्या वाट्याचा हक्क देशातल्या कंपन्यांना वाटून देते. एका कंपनीच्या विमानावर दुसऱ्या कंपनीने स्वतःचा उड्डाण क्रमांक लावून तिकिटे विकणे म्हणजे कोडशेअर; त्यालाही याच करारांची चौकट लागू असते. नांदेड व लातूर येथून परदेशी जाणारी नियमित विमानसेवा नाही. मात्र तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनासाठी पंजाब, इंग्लंड, कॅनडातून भाविक नांदेडला येतात आणि दोन्ही जिल्ह्यांतली मुले शिक्षण-नोकरीसाठी परदेशी जातात. त्यांचा प्रवास किती टप्प्यांचा आणि किती त्रासाचा होणार, याचा बराचसा निर्णय या वाटपात होतो.

पार्श्वभूमी : ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राची पूर्ण सत्ता आहे, हे त्याचे पहिले कलम. सहाव्या कलमानुसार परवानगीखेरीज कोणतीही नियमित आंतरराष्ट्रीय सेवा दुसऱ्या देशाच्या हद्दीत चालवता येत नाही. ही परवानगी देण्याघेण्यासाठी द्विपक्षीय करारांची पद्धत रूढ झाली. १९४६ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी बर्म्युडा येथे केलेला करार अनेक देशांनी नमुना म्हणून वापरला.

हक्कांची प्रतवारी ‘हवाई स्वातंत्र्ये’ या नावाने होते. पहिले स्वातंत्र्य दुसऱ्या देशावरून उडत जाण्याचे, दुसरे इंधन वा दुरुस्तीसाठी उतरण्याचे. तिसऱ्या व चौथ्यामुळे स्वदेशातून प्रवासी नेता येतात आणि परत आणता येतात. पाचव्यामुळे वाटेतल्या किंवा पुढच्या तिसऱ्या देशातले प्रवासीही घेता येतात. परदेशी कंपनीने भारतातल्याच दोन शहरांदरम्यान प्रवासी वाहणे मात्र येथे मान्य नाही. त्यामुळे लंडनहून मुंबईला येणारी परदेशी कंपनी पुढे स्वतःचे विमान नांदेडला नेऊन मुंबई-नांदेड तिकीट विकू शकत नाही.

वाटपाची रीत : करारात साधारणपणे तीन गोष्टी ठरतात. आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसने, कोणत्या शहरांत उतरायचे आणि कोडशेअरला कुठवर मुभा. उतरण्याच्या शहरांना या व्यवसायात ‘पॉइंट ऑफ कॉल’ म्हणतात. भारताच्या बाजूने वाटाघाटी नागरी विमान वाहतूक मंत्रालय करते. आपल्या वाट्याची आसने भारतीय कंपन्यांच्या अर्जांनुसार मंत्रालयच वाटते, तर वेळापत्रक व सुरक्षिततेची मंजुरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते. सरकारी मालकीच्या काळात एअर इंडियाला या वाटपात दीर्घकाळ अग्रक्रम होता. २००४ मध्ये खासगी कंपन्यांना परदेशी मार्ग खुले झाले, पण पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने अशी अट आली. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने अनुभवाची अट काढली. वीस विमाने किंवा एकूण क्षमतेचा वीस टक्के भाग, यांपैकी जे अधिक असेल ते देशांतर्गत सेवेत ठेवण्याची अट राहिली.

आखाती मार्गांवर ही आसने सर्वाधिक मोलाची ठरली. अबू धाबीसाठीची आठवड्याची सुमारे १३ हजार आसने २०१३ मध्ये टप्प्याटप्प्याने ५० हजारांपर्यंत वाढवण्याचे ठरले, त्याच सुमारास तेथील इतिहाद कंपनीने जेट एअरवेजमध्ये २४ टक्के भांडवल घेतले. दुबईसाठी २०१४ पासून प्रत्येक बाजूला आठवड्याची सुमारे ६५ हजार आसने होती. ती भरून गेल्यावर एमिरेट्सने वाढीव आसनांची मागणी लावून धरली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा तिचे परदेशी मार्गहक्क सरकारने तात्पुरते इतर भारतीय कंपन्यांना दिले. हक्क देशाचा असतो आणि कंपनी तो फक्त वापरते, हे त्या वेळी उघडपणे दिसले.

उतरण्याच्या शहरांची यादी किती निर्णायक असते, याचे उदाहरण कॅनडाचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत-कॅनडा करारातील आठवड्याला ३५ फेऱ्यांची मर्यादा उठली आणि अमर्याद फेऱ्यांना मुभा मिळाली. परंतु कॅनडाच्या कंपन्यांसाठी दिल्ली, मुंबई, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता ही सहाच शहरे नमूद झाली. अमृतसर त्यात नव्हते. कॅनडातील पंजाबी समाजाने त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. हजूर साहिबला येणाऱ्या कॅनडावासी भाविकांचीही सोय याच यादीवर अवलंबून असते.

कोडशेअर : प्रत्यक्ष विमान चालवणारी ती वाहक कंपनी, आपल्या क्रमांकाने त्याच विमानाची तिकिटे विकणारी ती विक्रेती कंपनी. कधी विक्रेती कंपनी ठरावीक आसने आधीच घेऊन ठेवते, कधी जागा शिल्लक असेल तशी विक्री होते. प्रवाशाला एकच तिकीट मिळते आणि बहुधा सामानही शेवटच्या मुक्कामापर्यंत एकदाच सोपवता येते. पहिले विमान उशिरा आल्यास पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपन्यांवर राहते. वेगवेगळी तिकिटे काढणाऱ्याला हे संरक्षण नसते. भारताने २००९ मध्ये स्वीकारलेल्या माँट्रियल करारानुसार तिकीट देणारी आणि विमान चालवणारी अशा दोन्ही कंपन्यांकडे भरपाई मागता येते.

टर्किश एअरलाइन्सशी २०१८ मध्ये आणि कतार एअरवेजशी २०१९ मध्ये इंडिगोने कोडशेअरचे करार केले. जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात गेल्यामुळे एअर इंडियाचे जाळेही विस्तारले. कोडशेअरने आकाशात नवे विमान येत नाही; असलेल्या विमानाला दूरचे प्रवासी मिळतात. लहान शहराच्या दृष्टीने हा फायदा मोठा आहे. स्थानिक मागणीवर पुरेशा न भरणाऱ्या विमानात परदेशी जोडणीच्या प्रवाशांनी भर पडली, तर तो मार्ग तग धरू शकतो. त्यासाठी ते शहर करारात कोडशेअरच्या मुभेत बसले पाहिजे आणि तेथे विमान नियमित आले पाहिजे.

उडान योजना : देशातल्या लहान विमानतळांसाठी केंद्राने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘उडान’ ही प्रादेशिक जोडणी योजना आणली. येथे मार्गांचे वाटप निविदेने होते. भारतीय विमानतळ प्राधिकरण निविदा मागवते. तोटा भरून काढण्यासाठी कमीत कमी अनुदान मागणाऱ्या कंपनीला तीन वर्षे त्या मार्गाचा एकाधिकार मिळतो. अनुदानाचा ८० टक्के भार केंद्र व २० टक्के राज्य उचलते; ईशान्य भारतात राज्याचा वाटा १० टक्के आहे. पहिल्या फेरीत, मार्च २०१७ मध्ये, पाच कंपन्यांना १२८ मार्ग मिळाले. सुमारे तासाभराच्या प्रवासाला अनुदानित आसनासाठी २,५०० रुपयांची मर्यादा होती. पुढे आलेल्या ‘आंतरराष्ट्रीय उडान’मध्ये राज्य सरकारने अनुदान देऊन परदेशी मार्ग सुरू करण्याची कल्पना मांडली गेली. आसामने गुवाहाटीसाठी त्यात पुढाकार घेतला.

नांदेड : येथील विमानतळाला श्री गुरु गोविंदसिंगजी यांचे नाव आहे. गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबला गुरुपद मिळाल्याच्या, त्रिशताब्दीनिमित्त २००८ मध्ये त्याचे मोठे नूतनीकरण झाले. तेथून मुंबईला सेवा देणाऱ्या किंगफिशरचा परवाना ऑक्टोबर २०१२ मध्ये निलंबित झाला. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी शिमल्याहून उडानचा प्रारंभ केला, तेव्हा दूरचित्रसंवादाने हिरवा झेंडा मिळालेल्या मार्गांत ट्रूजेटचा नांदेड-हैदराबाद मार्ग होता. डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने नांदेड-अमृतसर सेवा सुरू केली. त्याच कंपनीने फेब्रुवारी २०१८ मध्ये अमृतसर-बर्मिंगहॅम आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये अमृतसर-लंडन (स्टॅन्स्टेड) विमान सुरू केले. एकाच कंपनीची साखळी असल्याने कोडशेअरचीही गरज नव्हती. गोदाकाठच्या गुरुद्वाऱ्यापासून इंग्लंडमधल्या शीख वस्त्यांपर्यंत अशी जवळची वाट नांदेडला प्रथमच लाभली. करोनाच्या साथीनंतर ही घडी मोडली. २०२२ च्या फेब्रुवारीत ट्रूजेटची उड्डाणेही थांबली आणि नांदेडकरांना पुन्हा हैदराबादची सडक धरावी लागली.

३१ मार्च २०२४ पासून कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरने नांदेडला बंगळूर, दिल्लीलगतचे हिंडन व जालंधरजवळचे आदमपूर यांच्याशी जोडले. ७६ आसनी एम्ब्रेअर विमानाने पंजाबची वाट पुन्हा उघडली. मात्र या कंपनीच्या ताफ्यात वीस विमाने नाहीत. २०१६ च्या अटीमुळे तिला स्वतः परदेशी मार्ग मागता येत नाही. शिवाय हिंडन हे दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळापासून वेगळे असल्याने परदेशाहून आलेल्या भाविकाला सामान घेऊन शहर ओलांडावे लागते.

लातूर : येथील विमानतळ १९९१ मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाने उभारला आणि नंतर तो महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेला. लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर त्याआधी, १९८८-८९ मध्ये, केंद्रात नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री होते. सुमारे १४ कोटी रुपयांच्या सुधारणांनंतर नांदेड, बारामती, यवतमाळ व उस्मानाबादसह हा विमानतळ रिलायन्स समूहाच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आला. किंगफिशरची येथील सेवा अल्पजीवी ठरली. त्यानंतर धावपट्टी मुख्यतः खासगी विमाने व वैमानिक प्रशिक्षणाच्या उपयोगात राहिली. नियमित विमान येत नसेल तर कोडशेअरसाठी क्रमांक लावायला उड्डाणच उरत नाही. नांदेड व लातूर यांच्यातला मुख्य फरक हा आहे. परदेशी जाणारा लातूरकर रेल्वेने वा रस्त्याने मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठतो.

हजयात्रा : मराठवाड्याला परदेशी विमानाचा थेट अनुभव हजच्या निमित्ताने मिळाला. भारत व सौदी अरेबिया यांच्या वार्षिक समझोत्यानुसार यात्रेकरूंचा कोटा ठरतो आणि वाहतूक दोन्ही देशांच्या कंपन्यांत वाटली जाते. औरंगाबादचा (छत्रपती संभाजीनगर) समावेश प्रस्थानस्थळांत झाल्याने तेथून जेद्दाहला थेट विमाने गेली. सीमाशुल्क व इमिग्रेशनची व्यवस्था सरकारने हंगामापुरती उभी केली. लहान शहरातून परदेशी उड्डाण प्रशासकीयदृष्ट्या शक्य आहे, याचा हा मराठवाड्यातलाच पुरावा.

प्रश्न व उपाय : नांदेडसाठी सर्वांत जवळचा उपाय थेट परदेशी विमानाचा नाही. येथे येणाऱ्या प्रादेशिक कंपनीचा दिल्ली, मुंबई किंवा हैदराबाद येथून परदेशी उडणाऱ्या कंपनीशी कोडशेअर व्हावा, ही मागणी अधिक व्यवहार्य आहे. ती पुरी होण्यासाठी मोठ्या विमानतळांवर सोयीच्या वेळेचे स्लॉट (उतरण्या-उडण्याच्या राखीव वेळा) लागतात आणि मुंबईत त्यांची टंचाई जुनी आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे ही टंचाई कमी होण्यास वाव आहे. द्विपक्षीय वाटाघाटींत कोडशेअरच्या शहरांची यादी ठरते, तेव्हा नांदेडचे नाव सुचवण्याचे काम राज्य शासन व स्थानिक लोकप्रतिनिधी यांना करता येते. लातूरसाठी मात्र पहिली मागणी देशांतर्गत नियमित सेवेचीच आहे आणि तिचा निर्णय उडानच्या निविदांत, राज्याच्या वीस टक्के वाट्यासह, होऊ शकतो.