वॉरगेमसाठी आर्मी किती मोठी घ्यावी?

टेबलटॉप वॉरगेम म्हणजे छोट्या रंगवलेल्या पुतळ्यांची फौज टेबलावर मांडायची, टेपने इंच मोजून हलवायची आणि फासे टाकून लढायचं. प्रत्येक तुकडीला पॉइंट्स असतात, आणि दोन्हीकडची बेरीज साधारण सारखी ठेवतात. पण ती किती ठेवायची?

‘वॉरहॅमर ४०,०००’च्या दहाव्या आवृत्तीत १००० पॉइंट्सचा खेळ दोन तासांचा आणि २००० चा तीन तासांचा धरलाय. मैदान दोन्हीला ६० बाय ४४ इंच. नवीन असाल तर वेळ दीडपट धरा.

मी बदलापूरचा, मित्र उल्हासनगरचा. पहिल्याच वेळी आम्ही २००० चा हट्ट धरला. पाचपैकी तिसऱ्या राउंडलाच रात्र झाली, लोकलसाठी डाव अर्धवट सोडला. वर गर्दीत डबा दाबला जाऊन दोन पुतळ्यांचे हात तुटले ते वेगळंच!

म्हणून आधी घरातलं टेबल मोजा, मग बॉक्स घ्या. कॉम्बॅट पेट्रोल हा प्रकार ४४ बाय ३० इंचांत, म्हणजे साधारण पावणेचार बाय अडीच फुटांत, तासाभरात उरकतो. फौज एका बॉक्सचीच असते, त्यामुळे पॉइंट्स जुळवायची कटकट नाही.

बजेट कमी आहे? ‘वन पेज रूल्स’चे मूळ नियम फुकट आहेत, पुतळे कुठल्याही कंपनीचे चालतात. त्यांचं ‘आर्मी फोर्ज’ मोबाईलच्या ब्राउझरमध्येच पॉइंट्सची बेरीज करून देतं.

आम्ही आता अंबरनाथला तिसऱ्या मित्राकडे जमतो, दोघांनाही मध्ये पडतं. त्याचं टेबल लहान आहे, त्यामुळे सध्या कॉम्बॅट पेट्रोलच.