पन्हाळ्यावरचे तंबू

स्मरणिका समितीचा निरोप आला तो असा : "तू जन्मभर इतिहास शिकवलास, तेव्हा इतिहासावरच लिही. पण सनावळ्या आवर आणि आपल्या मुलखातलं लिही." सनावळ्या मी आवरणार नाही, हे माझे वर्गमित्र जाणून आहेतच. मुलखाची अट मात्र पाळतो.

आपल्या दहावीच्या बॅचचा एक फोटो बहुतेकांच्या घरी असेल. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती आटोपून परतल्यावर शाळेच्या पायऱ्यांवर काढलेला. चिखलाने माखलेल्या विजारी, डोक्यावर प्लास्टिकचे कागद, पुढे गुडघ्यावर बसलेली बारकी पोरे आणि मागे हाताची घडी घातलेले आपले सर. तीन दिवस आपण चाललो होतो. पुसाटी बुरुजाकडून उतरून म्हाळुंगे, मग मसाई पठारावरचे धुके, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पाटेवाडी असे करत पांढरेपाणी आणि शेवटी पावनखिंड. शाळेच्या स्काउट पथकाचे दोन जुने तंबू होते. त्यांत निम्मी पोरे मावली, उरलेली वाडीतल्या देवळात झोपली. पहिल्या रात्री प्रत्येकाने आपापल्या घरची भाकरी आपापल्या फडक्यात गुपचूप खाल्ली. दुसऱ्या रात्री सगळ्या भाकऱ्या एका घमेल्यात पडल्या आणि खर्डा कुणाच्या आईने केला यावर वाद झाला. वर्षभर एका वर्गात बसून जे झाले नव्हते ते पस्तीस-चाळीस मैलांच्या चिखलाने केले.

ही वाट आपण तुडवली ती १६६० सालची म्हणून. सिद्दी जौहरचा वेढा, आषाढातली पावसाची रात्र, पालखीत बसून मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद आणि घोडखिंड अडवून धरणारे बाजीप्रभू व बांदलांचे मावळे. हे सर्व आपल्याला तोंडपाठ होते. पुढे तीस वर्षे मीही वर्गात तेच शिकवले. पण त्याच पन्हाळ्यावर आपल्या आधी दुसऱ्या काही मुलांनी तंबू ठोकले होते, हे मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर कळले. आपल्या आईबापांच्या बालपणातली गोष्ट, कोडोलीपासून चार तासांच्या पायी अंतरावर घडलेली, आणि आपल्या एकाही पुस्तकात नाही!

ती मुले पोलंडची होती.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या. पूर्व पोलंडमधली लाखो माणसे १९४० आणि १९४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आली. बाप्ये तुरुंगात किंवा जंगलतोडीला, बायका शेतावर, पोरे उपाशी. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली आणि चित्र पालटले. जुलैअखेरीस पोलिश आणि सोव्हिएत सरकारांत करार झाला, कैद्यांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. जिथे सैन्य तिथे भाकरी, म्हणून बायकापोरे त्या छावण्यांकडे धावली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक माणसे इराणच्या किनाऱ्याला लागली. टायफॉइडने, हगवणीने वाटेत आणि किनाऱ्यावर किती मेली, त्याच्या खुणा इराणमधल्या पोलिश कबरस्तानांत आजही आहेत.

तेहरानजवळच्या छावण्यांत या मुलांची वाट दुभंगली.

त्यांत कॅथलिक ख्रिस्ती होती तशी ज्यू मुलेही होती. जर्मनांच्या भीतीने पूर्वेकडे पळालेल्या ज्यू कुटुंबांची ही पोरे. काहींचे आईवडील वाटेतच गेले होते. काहींच्या आयांनी, निदान हे तरी जगेल म्हणून, आपले मूल स्वतःच्या हाताने पोलिश अनाथालयाच्या दारात सोडले होते. अनाथालयांत सगळे सारखेच उघडे आणि सारखेच उपाशी होते. तरीही ज्यू पोरांना टोमणे आणि मार चुकला नाही. काहींनी आपले नाव आणि धर्म लपवला. दुःख एकसारखे असले की माणसे आपोआप एक होतात, असे आपण भाषणात म्हणतो. इतिहास तसे म्हणत नाही.

तेहरानमध्ये ज्यू संस्थांनी या मुलांसाठी वेगळे बालगृह उघडले. बराकी आणि तंबू, अंथरूण पांघरूण तुटपुंजे, थंडी कडाक्याची. मुले भाकरीचे तुकडे उशीखाली लपवत, कारण उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांना सांभाळायला जे तरुण कार्यकर्ते होते, त्यांतले कित्येक स्वतःच विशीतले निर्वासित होते. त्यांनी मुलांचे वयाप्रमाणे गट पाडले, प्रत्येक गटाला एक दादा किंवा ताई दिली, गाणी, खेळ आणि हिब्रू भाषा सुरू केली. हळूहळू मुलांना 'आपला गट' मिळाला.

इराकने त्यांना आपल्या भूमीवरून जाऊ दिले नाही, म्हणून जवळची खुष्कीची वाट सोडून त्यांना समुद्राने नेण्यात आले. जानेवारी १९४३ मध्ये ती 'दुनेरा' नावाच्या जहाजावर चढली आणि पहिला मुक्काम झाला आपल्याच देशात, त्या वेळच्या हिंदुस्थानातल्या कराचीला. तिथून सुएझ आणि मग रेल्वेने १८ फेब्रुवारी १९४३ रोजी पॅलेस्टाईनमधील अतलित. सातशेहून अधिक मुले. वाटेतल्या स्टेशनांवर माणसे फुले आणि खाऊ घेऊन उभी होती, आणि त्या गर्दीत कुणी आपला भाऊ तर कुणी भाची शोधत होते. इतिहासात ती 'तेहरानची मुले' म्हणून ओळखली जातात.

ज्यू हा शब्द ऐकला की आपल्याला दूरदेश आठवतो. पण मराठी बोलणारे ज्यू आपल्या कोकणात शेकडो वर्षे राहत आले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. केहिमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावे कुलाब्यातल्या गावांवरूनच पडलेली आहेत. बेने इस्राएल समाजाच्या मुलांसाठी १८७५ मध्ये मुंबईत हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने जी शाळा निघाली, ती पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांना या मातीत धर्मासाठी कुणी हाकलले नाही, ही महाराष्ट्राने मान ताठ ठेवून सांगावी अशी गोष्ट आहे.

आता पोलिश मुलांची दुसरी वाट. ती आपल्या दारात येते.

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी काठेवाडात बालाचडी येथे अनाथ पोलिश मुलांना आश्रय दिला. मोठी वसाहत मात्र झाली ती कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला. राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते आणि कारभार रीजन्सीकडे होता. १९४३ च्या मध्यापासून तिथे गाड्या येऊ लागल्या आणि बघता बघता सुमारे पाच हजार वस्तीचे एक पोलिश गाव पंचगंगेच्या खोऱ्यात उभे राहिले. ओळीने बराकी, दारापुढे फुलझाडे, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच. त्या गावात एकच गोष्ट नव्हती : बाप. धडधाकट पुरुष सैन्यात गेले होते किंवा मेले होते. राहिल्या होत्या बायका, मुले आणि काही म्हातारे.

म्हणून तिथे स्काउट पथकांना एवढे मोल आले. पोलंडमध्ये ही चळवळ १९१० च्या सुमारास रुजली होती आणि मुले-मुली दोघांनाही तिने घडवले होते. वळिवड्यात मुलांना शिस्त लावायला, गाठ मारायला, चूल पेटवायला, रडणाऱ्या धाकट्याचा हात धरायला शिकवणारे घर म्हणजे पथक. त्यांच्या मार्गदर्शकांपैकी एक होते झिस्वाव पेश्कोव्स्की. हा तरुण अधिकारी सोव्हिएतांच्या कोझेल्स्क छावणीत कैदी होता. १९४० च्या वसंतात कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी व नागरिक गोळ्या घालून मारण्यात आले. त्याच छावणीतले त्याचे कितीतरी सोबती त्यात गेले, तो वाचला. असा माणूस कोल्हापुरात येऊन पोरांना शेकोटीभोवती गाणी शिकवत होता. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनच्या मृतांची आठवण जागती ठेवण्यात त्यांनी उरलेले आयुष्य घालवले.

या पथकांची सुट्टीतली शिबिरे पन्हाळ्यावर भरत. डोळ्यांपुढे आणा. तीन दरवाजाचा तो काळा दगड, खाली धुक्यात बुडालेली खोरी, समोर जोतिबाचा डोंगर, आणि तटाआड तंबू ठोकणारी पिंगट केसांची पोरे. सायबेरियात मालगाडीच्या डब्यातली रात्र त्यांनी पाहिली होती, इराणच्या वाळूतला तंबूही पाहिला होता. तो तंबू नशिबाने दिलेला होता. पन्हाळ्यावरचा तंबू त्यांनी आपल्या हातांनी, हौसेने उभारला होता आणि रविवारी तो उतरवून परत जायला त्यांना घर होते. उघड्यावर झोपणे ही शिक्षा नसून मौज असू शकते, हे ज्या मुलाला पुन्हा कळले, त्याचे बालपण थोडे तरी परत आले असे मी समजतो.

१९४८ पर्यंत वळिवड्याची छावणी रिकामी झाली. बहुतेकांचे गाव आता सोव्हिएत हद्दीत गेले होते, म्हणून कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेले, काही पोलंडला परतले. त्याच बराकींत मग फाळणीत घर गमावलेले सिंधी बांधव आले. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण ज्या गांधीनगरला जातो, ते हेच.

पण ती मुले एकमेकांना विसरली नाहीत. म्हातारपणापर्यंत ती मेळावे भरवत राहिली, आणि त्यांनी आपल्या आठवणींचा एक जाडजूड ग्रंथ आधी पोलिशमध्ये व मग इंग्रजीत काढला. म्हणजे त्यांचीही एक स्मरणिका! सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांतले काही जण काठी टेकत वळिवड्याला आले, तिथे स्मृतिस्तंभ उभा राहिला. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली. ज्या कोल्हापूरचे नाव वॉर्सातल्या दगडावर कोरले आहे, त्या कोल्हापूरच्या पोरांना मात्र ते ठाऊक नव्हते. तीस वर्षे शिकवणाऱ्या मलाही नव्हते. ही कबुली इथेच द्यायला हवी.

दुसरी कबुली त्याहून जड आहे.

तेहरानच्या मुलांविषयी वाचताना मला राहून राहून आपला तो फोटो आठवला. तंबू जोडतो हे खरे. पण तंबूच्या दोऱ्यांबाहेर कोण राहिले, हे आत झोपलेल्याला दिसत नाही. आपल्या वर्गात आपण बेचाळीस होतो. फोटोत मी पुन्हा पुन्हा मोजले, एकेचाळीस भरतात. तिसऱ्या बाकावरचा आपला एक मित्र त्यात नाही. मोहिमेची वर्गणी पंचवीस रुपये होती. त्याचे वडील उसाच्या टोळीबरोबर होते. "मला ताप आलाय," असे त्याने सांगितले आणि आपण सगळ्यांनी ते मानले, कारण मानणे सोयीचे होते. आदल्या दिवशी तोच माझ्याबरोबर ओढ्यात पोहला होता. माझ्याकडे खर्चाला म्हणून घरून मिळालेले दहा रुपये होते. प्रत्येकाने एक रुपया काढला असता तरी भागले असते. परत आल्यावर आपण महिनाभर त्याच्यासमोर जळवांच्या आणि घमेल्यातल्या भाकरीच्या गोष्टी सांगत होतो. तो हसून ऐकायचा. सहामाहीनंतर त्याने शाळा सोडली.

मोहिमेने आपल्याला एक केले, असे मी वर म्हटले. आपल्याला म्हणजे एकेचाळीस जणांना.

म्हणून मेळाव्यापुढे एक सूचना ठेवतो. जमलेल्या निधीतून कमान नको, पुतळा नको. दरवर्षी शाळेची पोरे पावनखिंडीला निघतात, त्यांची सगळ्यांची वर्गणी आपण भरू. गरीब मुलांची वेगळी यादी करायची नाही, कारण यादी केली की पुन्हा ताप येतो. सरसकट सगळ्यांची भरायची. शाळेच्या कपाटात चाळीस घोंगड्या आणि चांगले पाच तंबू ठेवू. आणि पन्हाळ्यावरून निघताना शिवा काशीद यांच्या स्मारकापाशी पोरांना दोन गोष्टी सांगायच्या : एक १६६० ची आणि एक १९४३ ची.

आपला तो मित्र मला मागच्या महिन्यात वारणेच्या बाजारात भेटला. मी वर्गणीची गोष्ट काढली. "अरे, ताप होता मला," तो म्हणाला आणि तसाच हसला. मेळाव्याला येतो म्हणालाय. त्या दिवशी शाळेच्या पायऱ्यांवर पुन्हा फोटो काढायचा आहे. फोटोग्राफरला घाई असते; कुणी मोजल्याशिवाय त्याला बटण दाबू देऊ नका.