वॉर्डातून तलावाकडे : मुरलीकांत पेटकर आणि आपलं शहर

मंडळी, भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण कोणाचं, असं मघाशी विचारलं तेव्हा बरेच जण म्हणालात, अभिनव बिंद्रा, २००८. ऑलिम्पिकपुरतं ते बरोबर. पण त्याच्या छत्तीस वर्षं आधी, ऑगस्ट १९७२ मध्ये, हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं होतं.

पेटकर लष्करातले जवान, मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. इथे जरा थांबूया, कारण हे एकट्या पेटकरांचं नाही. इंग्लंडात स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, सैन्यातल्या सोळा जखमी स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. तीही मणक्याच्या उपचारांतूनच निघालेली. म्हणजे अपंग माणसाला मैदानाचं दार उघडलं ते वॉर्डातून.

त्याबद्दल कृतज्ञ राहायलाच हवं. पण वॉर्डाची सवय मैदानातही आली. रुग्ण पोहतो तो बरं होण्यासाठी. खेळाडू पोहतो तो शेजारच्या लेनमधल्याला मागे टाकण्यासाठी. पहिल्याचं आपण कौतुक करतो. दुसऱ्याला जागा, वेळ आणि प्रशिक्षक द्यावा लागतो. तिथे आपण कचरतो. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, आणि खास खेळाडूंचा म्हणावा असा अर्जुन पुरस्कार २०२५च्या जानेवारीत, वयाची ऐंशी उलटल्यावर!

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने, कलम ३० मध्ये, क्रीडासुविधांची फेररचना करणं सरकारवर सोपवलंय. फेररचना हा शब्द मला खटकतो तो आपल्या शहराच्या संदर्भात. जुन्या पुण्याची अडचण मी समजू शकतो. सिडको १९७०ची, पेटकर पोहले तेव्हा नवी मुंबई बरीचशी कागदावरच होती. कागदावर उतार काढायला किती खर्च येतो?

माझ्या परिचयातला एक तरुण चाकाच्या खुर्चीवरून एका तरणतलावावर चौकशीला गेला होता. खिडकीतल्या गृहस्थांनी अगदी आपुलकीने सांगितलं, थेरपीवाल्यांची वेळ दुपारी दोनला. तो म्हणाला, काका, मला स्पर्धेत उतरायचंय, सरावाची वेळ सांगा. ते रजिस्टर चाळत बसले. तसा रकानाच त्यात नव्हता.