प्रयोगकला

प्रयोगकला (सादरीकरणाच्या कला) : कलावंत प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष घडवून दाखवतो अशा कलांचा वर्ग. नाटक, नृत्य, गायन, वादन, तमाशा, गोंधळ, पोवाडा आणि कीर्तन या त्यातील महाराष्ट्रातील परिचित कला. चित्र किंवा शिल्प कलावंताच्या पश्चातही पाहता येते. प्रयोगकलेत मात्र कृती करणारा आणि कृती ही वेगळी काढता येत नाहीत. खेळ संपला की मागे संहिता, चाल आणि आठवण उरते.

लक्षणे : कलावंताचे शरीर व वाणी हे माध्यम, ठरावीक अवधी, प्रेक्षकांची उपस्थिती आणि आधी बांधलेल्या आराखड्यात ऐन वेळी पडणारी भर, ही प्रमुख लक्षणे होत. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार केले. त्यांपैकी वेशभूषा-रंगभूषेचा आहार्य अभिनय नाटकात ठळक असतो, तर कीर्तनात धोतर, उपरणे आणि फेटा एवढ्यावर भागते. म्हणजे नेपथ्य आणि रंगमंच ही प्रयोगकलेची साधने आहेत, अटी नव्हेत.

हिंगोली जिल्ह्यातील कीर्तन : परभणीतून 1 मे 1999 रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. परंपरेनुसार त्यांचा काळ 1270 ते 1350 असा आहे. औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश झाला, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात. याच मंदिराविषयीची आख्यायिका प्रसिद्ध आहे : पुजाऱ्यांनी हटकल्यावर नामदेव देवळामागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. ऐतिहासिक घटना म्हणून तिला आधार नसला, तरी लोकांची प्रयोगाविषयीची समजूत तीतून कळते : गाणारा आणि ऐकणारे जिथे जमतील तिथे प्रयोगाची जागा.

वारकरी कीर्तनात एक अभंग निरूपणासाठी घेतात. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी ओळीने उभे राहतात. वीणेकरी आणि मृदंगवादक साथीला असतात. बुवांनी चरण अर्ध्यावर सोडला की टाळकरी तो उचलतात, आणि तेवढ्या अवधीत बुवा पुढचा दृष्टांत जुळवतात. मंडळी पेंगायला लागली तर विठ्ठलनामाचा गजर वाढतो, उशीर झाला तर दृष्टांत आखडता घेतला जातो. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. नारदीय कीर्तनाची बांधणी याहून निराळी आहे : पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान.

नामदेवपरंपरेचे अभ्यासक ख्रिश्चन ली नॉवेट्झके यांनी 2008 मधील आपल्या ग्रंथात या परंपरेत लेखनापेक्षा कीर्तन प्रधान असल्याचे दाखवले आहे. कीर्तनकारांच्या वह्यांना बाड म्हणतात. बाड हे वाचकासाठी लिहिलेले पुस्तक नव्हे. उभे राहून करायच्या कीर्तनाची ती सामग्री असते.

नाटक आणि चित्रपट : विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग 1843 मध्ये सांगलीला झाला आणि तेव्हापासून मराठी रंगभूमीचा आरंभ धरतात. नाटकाचा प्रत्येक प्रयोग नव्याने उभा राहतो. संवाद तेच असले तरी हशा कुठे येईल आणि नट कुठे थांबेल हे त्या दिवशीच ठरते. चित्रपटात अभिनय हा प्रयोगच असतो, पण तो कॅमेऱ्यासमोर तुकड्यातुकड्यांनी होतो, आणि त्याची लय संकलनाच्या टेबलावर बसते. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (प्रभात, 1936) रंगभूमीवरून आलेल्या विष्णुपंत पागनीसांचे गायन व अभिनय आजही जसेच्या तसे दिसतात. प्रेक्षक भारावला म्हणून पडद्यावरचा तुकाराम अभंग लांबवत नाही. म्हणून चित्रपटाला प्रयोगकलेवर आधारलेली, परंतु मुद्रणाने स्थिर झालेली संमिश्र कला म्हणणे योग्य ठरते. मूकपटांच्या काळात ही सीमा पुसट होती. पडद्याजवळ बसलेले वादक चित्राला प्रत्यक्ष साथ देत, त्यामुळे त्या खेळाचा अर्धा भाग जिवंत असे.

कायद्यातील व्याख्या : भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम, 1957 नुसार एक किंवा अनेक कलावंतांनी प्रत्यक्ष केलेले दृश्य वा श्राव्य सादरीकरण म्हणजे प्रयोग. प्रयोगकर्त्यांमध्ये नट, गायक, वादक आणि नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारा आणि असा प्रयोग करणारा अन्य कोणीही येतो. गाणे आणि निरूपण दोन्ही करणारा कीर्तनकार त्यामुळे या व्याख्येत सहज बसतो. चित्रपटात ओझरते दिसणाऱ्या आणि श्रेयनामावलीत नाव नसलेल्या व्यक्तीला मात्र, एक मर्यादित अपवाद वगळता, प्रयोगकर्ता मानत नाहीत. प्रयोगकर्त्याचे विशेष अधिकार 1994 च्या दुरुस्तीने आले. त्यांची मुदत आता 50 वर्षे आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीने ते अधिक भक्कम झाले. प्रयोगाचे ध्वनिमुद्रण, चित्रमुद्रण किंवा प्रक्षेपण करण्याचा वा करू देण्याचा अधिकार प्रयोगकर्त्याचा असतो. खासगी वापरासारखे काही अपवाद आहेत. सप्ताहाच्या मंडपातून मोबाइलवर टिपून इंटरनेटवर चढवलेल्या कीर्तनाला हाच नियम लागू होतो : मंडपात घडला तो प्रयोग, आणि मोबाइलमध्ये राहिली ती त्याची नोंद.