बाजारभाव, ऑनलाइन (पिंपळगाव बसवंत)

शेतमालाची आवक व लिलावातले भाव इंटरनेट आणि मोबाइलवरून शेतकरी, व्यापारी व दूरच्या खरेदीदारांना कळवण्याची पद्धत. निफाड तालुक्यातले, मुंबई–आग्रा महामार्गावरचे पिंपळगाव बसवंत ही कांदा-टोमॅटोची मोठी बाजारपेठ, भोवताली द्राक्षबागा. त्यामुळे इथल्या भावाकडे परराज्यांतले व्यापारीही लक्ष ठेवून असतात.

केंद्र सरकारचे ‘ॲगमार्कनेट’ २००० साली सुरू झाले. पुण्याच्या राज्य कृषी पणन मंडळाच्या (स्थापना १९८४) संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव येतात. तिथे पिंपळगाव आणि सायखेडा उपबाजार यांची नोंद वेगळी असते. तरी सर्वांत आधी भाव पोचतो तो व्हॉट्सॲपवर, लिलाव चालू असतानाच.

नोंदीत आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर क्विंटलमागे दिलेले असतात. टोमॅटोचा भाव मात्र २० किलोच्या क्रेटवर बोलला जातो. फिरत्या संदेशांत कमाल दर ठळक असतो आणि फसगत तिथेच होते. तो दर एखाददुसऱ्या निवडक ट्रॉलीला मिळालेला असू शकतो. गोल्टी (बारीक) किंवा खाद (हलक्या प्रतीचा) कांदा नेणाऱ्याला त्याचा काय उपयोग? प्रतवारीनुसार वेगळा दर दिला, तरच ट्रॅक्टर भरायचा की कांदा चाळीतच ठेवायचा, हे घरी ठरवता येते. लिलाव बंद असल्याची सूचनाही तितकीच मोलाची. ती उशिरा मिळाली, तर भाड्याचा भुर्दंड शेतकऱ्यालाच.

द्राक्ष निर्यातदार कंपन्यांचा ग्राहक युरोपात आहे, म्हणून त्यांची माहितीही निराळी. केंद्राच्या ‘अपेडा’ या कृषी निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’वर २००६ पासून बागेची नोंदणी, औषधांच्या अंशांचा प्रयोगशाळा अहवाल आणि मालाची खेप एकमेकांना जोडलेली असते, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हते. पुढे यादीत त्याची भर पडली.

भाव पाहणाऱ्याने आधी तारीख, मग आवक, मग सर्वसाधारण दर पाहावा. कमाल दर शेवटी.