कोळसा, करार आणि श्रद्धा

नागपुरांत दोन संस्थांच्या मुख्य कचेऱ्या आहेत: एक वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीची, दुसरी १९१४ सालीं उगम पावलेल्या भारतीय चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेची. हवामानविषयक जागतिक वाटाघाटींचा निकाल धर्मनिष्ठांस पेचांत कां पाडतो, हें या शेजारावरून ध्यानांत येईल.

१९९२ च्या रिओ करारानें श्रीमंत राष्ट्रांवर अधिक भार ठेविला. जागतिक चर्च परिषद तेव्हांपासून विचारीत आली कीं, ज्यांनीं धूर केला नाहीं त्यांनीं त्याचें प्रायश्चित्त कां भोगावें? २०१४ सालीं तिनें कोळसा व खनिज तेल यांच्या धंद्यांत पैसा न गुंतविण्याचें ठरविलें. परंतु २०२१ सालीं ग्लासगो येथें कोळशाची वीज ‘संपवावी’ हा मसुद्यांतील शब्द भारताच्या आग्रहानें ‘कमी करावी’ असा झाला.

भारताचें म्हणणेंही न्यायाचेंच होतें. गरिबाच्या घरीं दिवा हवा, खाणकामगाराची चूल पेटावयास हवी. पण पावसाच्या भरंवशावर कापूस पेरणारा विदर्भाचा शेतकरीही गरीबच. २०२२ सालीं शर्म-अल-शेख येथें हानिपूर्तीचा निधि मान्य झाला, तेव्हां त्या जुन्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळालें. उरलेलें अर्धें, म्हणजे धूर थांबविणें आणि खाणकामगारास दुसरी भाकरी देणें, हें नागपुरासारख्या शहरांतच द्यावें लागेल. तेथें श्रद्धेस केवळ श्रीमंत राष्ट्रांकडे बोट दाखवून भागणार नाहीं.