चालता-फिरता न्यूमोनिया : भिंत नसलेल्या जंतूची गोष्ट



"डॉक्टर, पाच दिवस अमॉक्सिसिलिन दिलं, तरी ताप उतरत नाही. खोकून खोकून रात्रभर झोप नाही. पण दिवसा मुलगी घरभर फिरतेय, आणि एक्स-रेमध्ये मात्र न्यूमोनिया! औषध चुकलं का?"

शाळकरी मुलांच्या आई-वडिलांकडून हा प्रश्न मला अनेकदा ऐकायला मिळतो. अशा वेळी ज्या जंतूचा संशय घ्यावा लागतो, त्याचे नाव मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए. डॉक्टरांनाही या जंतूने वीस-बावीस वर्षे चकवले होते. ती हकिगत समजली, की आजचे उपचारही तुम्हाला नीट समजतील.

वेगळाच न्यूमोनिया

१९३८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील डॉ. होबार्ट रायमन यांनी काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. नेहमीचा न्यूमोनिया म्हणजे अचानक थंडी वाजून ताप, छातीत कळ आणि गंजाच्या रंगाचा बेडका. या रुग्णांचा आजार मात्र हळूहळू चढत गेला होता : डोकेदुखी, घसा, कोरडा खोकला. बेडक्यात नेहमीचे जंतू सापडेनात. रायमन यांनी त्याला 'अटिपिकल', म्हणजे नेहमीसारखा नसलेला, न्यूमोनिया म्हटले. कारण विषाणू असावा, असा त्यांचा तर्क होता.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. लष्करी छावण्यांत तरुण सैनिक दाटीवाटीने राहत, आणि तिथे हा आजार पसरू लागला. सल्फाच्या गोळ्या चालल्या नाहीत. नवलाईचे पेनिसिलिन आले, तेही चालले नाही. बरेच जण तर आजार अंगावर काढून कवायतीला जात. 'वॉकिंग न्यूमोनिया' हे नाव अशाच रुग्णांना शोभते.

१९४३ मध्ये एक गमतीशीर गोष्ट लक्षात आली. यातील अनेक रुग्णांचे रक्त गार केले, की तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात आणि ऊब दिली की त्या विरघळतात. मी एम.डी. करत असताना आम्ही ही तपासणी खाटेजवळच करायचो. रक्ताची नळी बर्फाच्या पाण्यात धरायची, तिरकी करून गुठळ्या बघायच्या, मग मुठीत धरून गरम करायची. गुठळ्या नाहीशा! पण इतर काही आजारांतही हे घडते, त्यामुळे आज या तपासणीवर कोणी विसंबत नाही.

विषाणू की जिवाणू?

१९४४ मध्ये डॉ. मनरो ईटन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचा बेडका अतिशय बारीक गाळणीतून गाळला. नेहमीचे जिवाणू त्यात अडकतात. पण गाळलेल्या द्रवातूनही प्राण्यांना आजार झाला. म्हणजे हा विषाणूच, असे ठरले. त्याला 'ईटन एजंट' म्हणू लागले. काहींना तेवढेही पटले नाही. हा जंतू माणसाचा नसून प्रयोगातल्या प्राण्यांचाच असेल, अशी शंका त्यांनी काढली.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. टेट्रासायक्लिन गटातील औषधांनी हे रुग्ण लवकर बरे होत. अमेरिकन मरीन दलात नव्याने भरती झालेल्या तरुणांवरील चाचणीतही तेच दिसले; तो अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणूवर तर अँटिबायोटिक चालत नाही!

कोडे सोडवण्याची चावी गोठ्यात होती. गुरांच्या फुप्फुसाच्या एका साथीच्या रोगाचा जंतू फ्रान्समध्ये १८९८ सालीच वाढवण्यात आला होता. तो गाळणीतून निसटत असे, पण विषाणू नव्हता. ईटन एजंट त्याचाच भाऊबंद असावा, अशी शंका ब्रिटनमधील मार्मियन आणि गुडबर्न यांनी १९६१ मध्ये मांडली. १९६२ मध्ये चॅनॉक, हेफ्लिक आणि बराइल यांनी घोड्याचा सीरम आणि यीस्टचा अर्क घातलेल्या पोषक माध्यमावर हा जंतू वाढवून दाखवला. जिवंत पेशींशिवाय वाढतो, म्हणजे विषाणू नव्हे. दुसऱ्या वर्षी त्याला आजचे नाव मिळाले.

सगळे उत्तर भिंतीत

बहुतेक जिवाणूंभोवती एक टणक भिंत असते. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ही भिंत बांधू देत नाहीत. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही. म्हणून तो लवचीक असतो आणि गाळणीतून निसटतो. म्हणूनच सूक्ष्मदर्शकाखालच्या नेहमीच्या रंगकामात तो दिसत नाही. आणि म्हणूनच अमॉक्सिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. ज्याला भिंतच नाही, त्याची भिंत पाडणार कशी? अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन जंतूची प्रथिने तयार करण्याची यंत्रणा बंद पाडतात, म्हणून ती चालतात.

मग सुरुवातीला अमॉक्सिसिलिन देणे चुकले का? नाही. मुलांमध्ये न्यूमोकॉकसचा न्यूमोनिया अधिक वेगाने गंभीर होऊ शकतो, त्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, की फेरविचार करायचा. म्हणूनच आम्ही "परत दाखवा" म्हणतो.

मुले आणि तपासण्या

छावण्यांतला हा आजार खरे तर शाळकरी मुलांचाही आहे, हे १९६० च्या दशकापासून अमेरिकेतील सिएटलसारख्या ठिकाणच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन ते तीन आठवडे जातात. म्हणून घरात थोरल्याचा खोकला बसत आला, की धाकट्याचा सुरू होतो.

आज पी.सी.आर. आणि आय.जी.एम. या तपासण्या आहेत. पण रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे निदान पक्के, असे नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात, श्वसनाचा काहीही त्रास नसलेल्या सुमारे २१ टक्के मुलांमध्येही पी.सी.आर.ने हा जंतू सापडला. आय.जी.एम. तर आजार बरा झाल्यावरही काही महिने पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणून रिपोर्टवर नव्हे, मुलावर उपचार करायचे असतात.

नवी अडचण

२००० च्या सुमारास जपानमध्ये अझिथ्रोमायसिनच्या गटाला दाद न देणारा मायकोप्लाझ्मा आढळला. पुढे चीनमध्ये तर तसाच प्रकार बहुसंख्य झाला. तेव्हा प्रत्येक खोकल्याला मेडिकलमधून स्वतःच 'तीन दिवसांचा कोर्स' आणणे कृपया बंद करा. मुलांचा बहुतेक खोकला विषाणूंमुळे असतो. मायकोप्लाझ्माचा सौम्य त्रासही पुष्कळदा आपोआप बरा होतो. ताप गेल्यावर खोकला काही आठवडे रेंगाळला, तरी मूल खेळत-खात असेल तर घाबरू नका.

मात्र पुढील लक्षणे दिसल्यास थांबू नका :

• श्वास जलद होणे (एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा अधिक), पोट उडणे, बरगड्यांखाली खड्डा पडणे
• ओठ निळसर होणे
• खाणे-पिणे बंद, गुंगी किंवा झटके
• औषध सुरू करून दोन-तीन दिवसांनंतरही ताप कायम
• तापासोबत अंगावर पुरळ, तोंडात किंवा डोळ्यांत लाली व फोड

फेरतपासणीला येताना आधीच्या औषधांची चिठ्ठी आणि तापाची नोंद आवर्जून आणा. कोणते औषध चालले नाही, यावरूनच १९४० च्या दशकात डॉक्टरांना हा जंतू वेगळा असल्याचे कळले होते. आजही आम्हाला त्या माहितीचा तितकाच उपयोग होतो.